चांगआनच्या दप्तरातलं महाराष्ट्राचं पान

चीनला जाऊन आलेल्या आपल्या मंडळींना "काय काय पाहिलंत?" असं विचारलं की उत्तर साधारण ठरलेलं असतं. बीजिंगचा राजवाडा, चीनची भिंत, शांघायच्या उंच इमारती, आणि मध्ये कुठेतरी एक दिवस शीआन. तो एक दिवसही कशासाठी, तर मातीचे सैनिक बघायला! सकाळी उतरायचं, बसने जायचं, फोटो काढायचे आणि रात्री पुढच्या गावाला. टूरवाल्यांचा तरी काय दोष म्हणा, आठ दिवसांत अख्खा चीन बसवायचा तर दुसरं काय करणार?

पण मराठी माणसाने शीआनला निदान तीन दिवस द्यावेत असं माझं ठाम मत आहे. त्याचं कारण मातीचे सैनिक नाहीत. कारण असं की, इ. स. ६४६ मध्ये या शहरात एक ग्रंथ लिहून पूर्ण झाला आणि त्यात महाराष्ट्रावर एक प्रकरण आहे. महाराष्ट्र हे नाव घेऊन, इथली माती कशी, हवा कशी, माणसं कशी, राजा कोण, हे सगळं त्यात आहे. ज्ञानेश्वरीच्या साडेसहाशे वर्षं आधी आणि शिवाजी महाराजांच्या जवळजवळ हजार वर्षं आधी एका परक्या माणसाने आपल्याला पाहिलं, घरी गेला आणि लिहून ठेवलं. ते दप्तर आजतागायत टिकलं आहे. ज्या शहरात ते लिहिलं गेलं तिथे एकदा जाऊन यावं, एवढंच या लेखाचं सांगणं आहे. जाता जाता तिथे काय पाहावं आणि काय खावं तेही सांगतो.

शहर कसं होतं

आजचं शीआन ही शान्शी प्रांताची राजधानी. जुनं नाव चांगआन. चांगआन म्हणजे चिरकाल शांती. नावात शांती असली तरी या शहराच्या नशिबात ती फारशी नव्हती, ते पुढे येईलच. हान घराण्याची राजधानी याच परिसरात होती. पुढे इ. स. ५८२ मध्ये स्वे घराण्याच्या पहिल्या सम्राटाने जुन्या शहराजवळच नवं कोरं शहर आखून घेतलं आणि ६१८ पासून थांग घराण्याने ते आपलंसं केलं.

आखणी म्हणजे अगदी बुद्धिबळाचा पट. सुमारे ८४ चौरस किलोमीटरचा आयत, सरळ रेघेतले रुंद रस्ते आणि त्यांच्यामध्ये भिंतींनी वेढलेले मोहल्ले. आपल्या पुण्याच्या पेठा डोळ्यांपुढे आणा, पण प्रत्येक पेठेला स्वतःची भिंत आणि दरवाजा. संध्याकाळी नगारे वाजले की दरवाजे बंद, सकाळी नगारे वाजले की उघडायचे. वस्ती दहा लाखांच्या घरात असावी असा अंदाज आहे. पूर्वेला एक बाजार, पश्चिमेला एक. पश्चिम बाजारात सोग्दियन, इराणी, अरब, तुर्क व्यापारी उतरायचे, कारण ज्याला आपण रेशीम मार्ग म्हणतो त्याचं पूर्वेकडचं टोक हेच.

या थांग शहराची भिंत आज नाही. शीआनमध्ये आपण जिच्यावर सायकल चालवतो ती भिंत मिंग घराण्याच्या काळातली, १३७० नंतर बांधलेली. घेर जवळजवळ चौदा किलोमीटर, उंची बारा मीटर आणि वरचा रस्ता इतका रुंद की दोन मोटारी सहज बाजूबाजूने जातील. भाड्याने सायकल मिळते. उन्हं कलल्यावर जावं आणि एक फेरी मारावी. मारताना एक हिशोब लक्षात ठेवावा: तुम्ही ज्याला फेरी मारताय तो थांगकालीन चांगआनचा फार तर सातवा-आठवा हिस्सा आहे.

स्वतःसाठी पुरलेली फौज

मातीचे सैनिक मात्र चुकवू नका हं! शहराच्या पूर्वेला साधारण पस्तीस-चाळीस किलोमीटरवर लिनथोंगला ते आहेत. मार्च १९७४ मध्ये दुष्काळाला कंटाळलेले शेतकरी विहीर खणत होते आणि पाण्याऐवजी मातीची डोकी लागली. तीन खड्ड्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास सैनिक असावेत असा अंदाज आहे. शिवाय रथ आणि घोडे. आज जे उभे दिसतात ते तुकडे जुळवून उभे केलेले आहेत. बरेचसे अजून मातीतच आहेत.

हे सैनिक मुळात रंगीत होते. लाल, हिरवा, निळा, जांभळा. पण दोन हजार वर्षं ओल्या मातीत राहिलेलं रंगाखालचं रोगण कोरडी हवा लागताच काही मिनिटांत सुरकुततं आणि रंगासकट गळून पडतं. म्हणून तिथले पुरातत्त्ववाले आता घाई करत नाहीत. त्याच कारणाने, सम्राटाची खरी कबर, म्हणजे जवळची ती हिरवी टेकडी, अजून उघडलेली नाही. सिमा च्येन या चिनी इतिहासकाराने सम्राटाच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी लिहून ठेवलंय की आत पाऱ्याच्या नद्या आहेत आणि कबर बांधणाऱ्या कारागिरांना आतच कोंडलं. टेकडीच्या मातीत पाऱ्याचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त आहे हे अलीकडच्या तपासण्यांत दिसलं आहे.

हा सम्राट म्हणजे चिन शी ह्वांग. इ. स. पूर्व २२१ मध्ये याने चीन एका छत्राखाली आणला. वजनं, मापं, लिपी एक केली. आणि इ. स. पूर्व २१३ मध्ये याच्याच हुकमाने ग्रंथ जाळले गेले. ग्रंथ जाळायचे आणि मातीची फौज स्वतःसाठी जमिनीत पुरायची! सगळं माझ्याबरोबर येईल आणि माझ्यापाशी राहील, असा हिशोब. तो खड्डा बघताना मान खरोखर लवते, कारागिरी तशीच आहे. पण बघून झाल्यावर शहरात परत या, कारण याच्या बरोबर उलटा हिशोब केलेल्या माणसाचं घर तिथे आहे.

परवानगी न घेता निघालेला भिक्षू

शाळेच्या इतिहासात आपण ह्यू एन त्संग किंवा युआन श्वांग हे नाव पाठ केलेलं असतं. हर्षवर्धनाच्या धड्यात यायचा, दोन मार्कांचा प्रश्न. चिनी लोक त्याला श्वान-झांग म्हणतात. लोयांगजवळच्या गावात जन्मलेला, लहानपणीच भिक्षू झालेला. चिनी भाषेत आलेल्या बौद्ध ग्रंथांत परस्परविरोध फार, तेव्हा मूळ संस्कृत ग्रंथच जाऊन बघू म्हणून निघाला. साल ६२९, काही अभ्यासक ६२७ म्हणतात. त्या वेळी देशाबाहेर जायला बंदी होती. याने परवानगी मागितली, मिळाली नाही, तेव्हा तसाच निघाला! वाळवंटात पाण्याची पखाल सांडली, पाच दिवस पाण्यावाचून काढले, तुर्फानच्या राजाने प्रेमाने अडकवून ठेवलं, बर्फाच्या घाटात सोबती मेले. समरकंद, बामियान, काश्मीर करत तो मगधात पोचला आणि नालंदात आचार्य शीलभद्रांपाशी शिकला. मग दक्षिणेत उतरला, आणि साधारण ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आला.

चिनी लिपीत त्याने 'मो-हो-ला-छा' लिहिलं आहे. ते म्हणजे महाराष्ट्र. राजाचं नावही दिलंय, ते म्हणजे पुलकेशी. बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी, ज्याने हर्षाला नर्मदेवर अडवलं. ऐहोळेच्या ६३४ सालच्या शिलालेखात पुलकेशीच्या दरबारातल्या रविकीर्तीने तीन महाराष्ट्रकांचा आणि त्यांच्या नव्व्याण्णव हजार गावांचा उल्लेख केला आहे. म्हणजे घरच्या कवीने दगडावर लिहिलं त्यानंतर बारा वर्षांतच पाहुण्याने कागदावर लिहिलं. आणि दोघांचं जुळतं! हर्षाची फौज सगळीकडे जिंकली पण या लोकांना नमवू शकली नाही, असं युआन श्वांगही सांगतो. हर्ष त्याचा आश्रयदाता होता, मित्र होता, तरी त्याने ते लपवलं नाही, हे विशेष.

माणसांबद्दल तो काय म्हणतो? जमीन सुपीक, हवा उष्ण. लोक साधे आणि प्रामाणिक, उंच, ताठ. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा झाला तर आधी शत्रूला कळवतात, त्याला शस्त्र उचलायला वेळ देतात, मग लढतात. शरण आलेल्याला मारत नाहीत. सेनापती हरून आला तर त्याला शिक्षा करत नाहीत, बायकांचे कपडे नेसायला देतात, आणि तो बहुधा लाजेने जीव देतो.

इथपर्यंतचं वर्णन आपल्याकडे पुष्कळ वेळा छापलं जातं. कुठल्याही स्मरणिकेत सापडेल. पुढचं सहसा कोणी छापत नाही. राजा शेकडो वीर पदरी बाळगतो, ते लढाईआधी दारू पिऊन झिंगतात, हत्तींनाही दारू पाजतात आणि मग सुटतात, समोर कोणी टिकत नाही. आणि असे वीर आणि हत्ती पदरी आहेत म्हणून राजा शेजाऱ्यांना तुच्छ लेखतो, असंही तो लिहितो. मला तर हे दुसरं अर्धं तितकंच मोलाचं वाटतं. नुसतं गुणगान असतं तर ते भाटाचं कवन झालं असतं. दोन्ही बाजू लिहिल्या म्हणूनच पहिल्या बाजूवर विश्वास ठेवता येतो. आणि युआन श्वांग इथून गेल्यावर वर्ष-दीड वर्षातच, ६४२ मध्ये, पल्लव नरसिंहवर्म्याने बदामी घेतली आणि पुलकेशीची कारकीर्द संपली. पाहुण्याने फोटो काढला तो अगदी शेवटच्या उजेडात.

याच प्रकरणात तो राज्याच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरातल्या एका विहाराबद्दल सांगतो. कातळात खोदलेली दालनं, भिंतीवर बुद्धाच्या आयुष्यातले प्रसंग, दाराशी दोन्ही बाजूंना दगडी हत्ती. हा विहार आचार नावाच्या अर्हताने बांधला, असंही म्हणतो. अजिंठ्याच्या सव्वीस नंबरच्या लेण्यात अचल नावाच्या स्थविराचा शिलालेख आहे आणि सोळा नंबरच्या वाटेवर आजही दगडी हत्ती उभे आहेत. म्हणून हे अजिंठाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला वाघाच्या शिकारीत अजिंठा 'सापडला' असं आपण वाचतो. पण चांगआनच्या दप्तरात त्याची नोंद होऊन तेव्हा जवळजवळ पावणेबाराशे वर्षं झाली होती!

रानहंसाचा मनोरा

६४५ मध्ये युआन श्वांग चांगआनला परतला. वीस घोड्यांवर ६५७ संस्कृत ग्रंथ. परवानगी न घेता गेलेल्या या माणसाचं स्वागत करायला शहर लोटलं. सम्राट थायत्सुंगने त्याला सरकारी पद देऊ केलं, त्याने नको म्हटलं. सम्राट म्हणाला, निदान पाहिलेलं सगळं लिहून तरी दे. त्यातून पुढच्याच वर्षी तो ग्रंथ तयार झाला, थांग राजवटीत लिहिलेला पश्चिमेकडच्या देशांचा वृत्तांत.

बाकीची एकोणीस वर्षं त्याने भाषांतरात घालवली. एकटा बसून नव्हे. एकजण संस्कृत वाचणार, दुसरा अर्थ तपासणार, तिसरा उतरवणार, चौथा चिनी भाषा मोजूनमापून घासणार, अशी पंगतच. पाऊणशे ग्रंथ, १३३५ खंड. ६६४ मध्ये तो वारला तोपर्यंत काम चालूच होतं.

आज आपण बघतो तो मोठा रानहंस पॅगोडा, चिनी नाव दा-यान-था, हा त्याने आणलेले ग्रंथ आणि मूर्ती आगीपासून जपायला ६५२ मध्ये बांधला गेला. सुरुवातीला पाच मजले होते. सम्राज्ञी वू हिच्या काळात तो नव्याने बांधला गेला आणि आता सात मजले, ६४ मीटर उंची. वरपर्यंत चढता येतं. नाव मगधातल्या कथेवरून पडलं असं सांगतात. उपाशी भिक्षूंसमोर आकाशातून एक हंस पडला, त्यांना आपल्या खाण्याची लाज वाटली आणि त्यांनी हंसावर स्तूप बांधला. म्हणजे चीनच्या राजधानीतल्या मनोऱ्याला बिहारमधल्या हंसाचं नाव. खालच्या मजल्यावरच्या कोनाड्यांत ६५३ सालचे दोन शिलालेख आहेत. घाई करून पुढे जाऊ नका, एका शिलालेखात सम्राटाने युआन श्वांगच्या भाषांतरांना लिहिलेली प्रस्तावना आहे.

इथे उभं असताना एक पत्र आठवावं. ६५२ मध्ये भारतातून आलेल्या एका भिक्षूबरोबर जुन्या मित्रांनी युआन श्वांगला पत्र आणि पांढऱ्या कापडाची जोडी पाठवली. वाट लांबची, म्हणून भेट छोटी, असा त्यातला भाव. दोन वर्षांनी त्याने उत्तर धाडलं. गुरू शीलभद्र गेल्याचं दुःख लिहिलं, आणि सिंधू ओलांडताना वादळात काही पोथ्या वाहून गेल्या होत्या त्यांची यादी जोडली, जमल्यास नकला पाठवा म्हणून. आपल्यापैकी ज्यांनी आंतरदेशीय पत्राची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर पाठवलेल्या पुडक्यांची वाट पाहिली आहे, त्यांना हे पत्र वेगळं समजावून सांगायला नको.

पुढचा भाग मन खिन्न करणारा आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस नालंदा उद्ध्वस्त झालं. ग्रंथालय गेलं. ज्या संस्कृत पोथ्यांवरून युआन श्वांगने भाषांतरं केली त्यांपैकी कितीतरी भारतात आज उपलब्ध नाहीत, त्या फक्त चिनी किंवा तिबेटी रूपात उरल्यात. आणि एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम नालंदा, कुशीनगर अशी विसरलेली ठिकाणं शोधत हिंडत होता तेव्हा त्याच्या हातात होतं युआन श्वांगच्या वृत्तांताचं भाषांतर. आपल्या घराचा पत्ता आपल्याला पाहुण्याच्या वहीतून कळला!

तिकडे स्थायिक झालेले

परदेशात राहणाऱ्या आपल्या सगळ्यांना रस वाटेल अशी एक हकिगत सांगतो. थांग चांगआनमध्ये गौतम नावाचं एक भारतीय घराणं राहत होतं. चिनी उच्चार छुथान. पिढ्यानपिढ्या खगोलशास्त्री. यातला गौतम सिद्ध हा सम्राटाच्या खगोल विभागाचा प्रमुख झाला. ७१८ मध्ये त्याने भारतीय नवग्रह पद्धतीचं पंचांग चिनी भाषेत आणलं. त्यात शून्यासाठी टिंब आहे आणि ज्या, म्हणजे हल्ली शाळेत साइन म्हणतात, त्यांचं कोष्टक आहे. ज्या मोठ्या ग्रंथात त्याने हे घातलं तो पुढे हरवला आणि १६१६ मध्ये एका जुन्या बुद्धमूर्तीच्या पोटात सापडला.

१९७७ मध्ये शीआनजवळ त्याच्या मुलाच्या कबरीतला लेख मिळाला. कूळ मूळचं भारतातलं, पण आता राजधानीचेच रहिवासी झालेले, असा त्याचा आशय. मुलगाही त्याच खात्यात अधिकारी होता. बापाची विद्या मुलाने पुढे चालवली, आडनाव गौतमच ठेवलं, आणि माती मात्र चांगआनची मिळाली. तेराशे वर्षांपूर्वीची ही पुढची पिढी!

दगडातलं वाचनालय आणि घुमट नसलेली मशीद

दक्षिण दरवाज्याजवळ पैलिन, म्हणजे शिलालेखांचं वन, नावाचं संग्रहालय आहे. १०८७ मध्ये त्याची सुरुवात झाली. इथे ८३७ साली कोरलेले कन्फ्यूशियन परंपरेचे ग्रंथ आहेत. ११४ शिळांवर दोन्ही बाजूंनी साडेसहा लाखांच्या आसपास अक्षरं. नकलाकारांच्या चुका होऊ नयेत आणि शंका आली तर ताडून बघता यावं म्हणून हे दगडात. ज्या मुलखात एका सम्राटाने ग्रंथ जाळले, तिथेच हजार वर्षांनी दुसऱ्याने ते दगडात कोरले.

याच संग्रहालयात ७८१ सालचा एक शिलालेख बघाच. वर कमळावर क्रूस, खाली चिनी मजकूर, कडेला सीरियाक लिपी. अलोपेन नावाचा ख्रिस्ती धर्मगुरू ६३५ मध्ये चांगआनला आला आणि सम्राटाने त्याला आसरा दिला, ही हकिगत त्यात आहे. युआन श्वांग भारतात होता त्याच काळात सीरियन परंपरेचे ख्रिस्ती चांगआनमध्ये येत होते.

तिथून नगाऱ्याच्या मनोऱ्याकडे, म्हणजे १३८० मध्ये बांधलेल्या ड्रम टॉवरकडे चालत जा. मागच्या गल्ल्यांत हुई मुसलमानांची वस्ती आहे आणि गल्लीच्या पोटात मोठी मशीद. परंपरा ७४२ सालची सांगते, आजच्या इमारती मुख्यतः मिंग काळातल्या. घुमट नाही, उंच मिनार नाहीत. चिनी कौलं, अंगणांमागून अंगणं, कमानी, झाडं, आणि मिनाराच्या जागी पॅगोड्यासारखा मंडप. चिनी देवळं बहुधा दक्षिणाभिमुख, ही मात्र पूर्व-पश्चिम, कारण नमाजाला मक्केकडे तोंड हवं. बाकी सगळं यजमानाचं घेतलं, दिशा मात्र स्वतःची ठेवली.

आता पोटोबा

याच गल्ल्यांत खाण्याची चंगळ आहे. शीआन हा गव्हाचा मुलूख, भाताचा नव्हे. पहिला मान 'यांगरौ फाओमो'चा. गिऱ्हाइकाला आधी एक रिकामं वाडगं आणि एक-दोन घट्ट रोट्या देतात. आपण बसून त्या रोटीचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे करायचे. अर्धा तास सहज जातो, गप्पा होतात. मग वाडगं आत जातं आणि मटणाच्या रश्शात शिजवून परत येतं, बरोबर गोडसर मुरवलेला लसूण आणि तिखट. भाकरी रश्श्यात कुस्करून खाणाऱ्या माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. तुकडे मोठे केलेत तर स्वयंपाकी नाराज होतो म्हणे!

दुसरं 'ल्यांगफी'. पीठ मळून पाण्यात धुतात, खाली बसलेला चीक ताटात ओतून वाफवतात, त्याच्या पट्ट्या कापून थंडगार, व्हिनेगर आणि तिखटाचं तेल घालून देतात. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढलेल्या आपल्या आया-आज्यांनी हे पाहिलं असतं तर लगेच कृती सांगितली असती. आपण तोच चीक शिजवून उन्हात वाळवतो, ते लोक वाफवून ताजा खातात.

तिसऱ्या 'ब्यांगब्यांग' शेवया. शेवया कसल्या, कमरेच्या पट्ट्याएवढ्या रुंद! कणीक ओट्यावर आपटून लांबवतात, त्या आवाजावरूनच नाव पडलं असं म्हणतात. वर तिखट-लसूण ठेवून कडकडीत तेल ओतलं की जो चुर्र आवाज येतो तो थेट आपल्या फोडणीचा. या नावाचं चिनी अक्षर पन्नासाहून जास्त रेघांचं आहे, २०२० पर्यंत ते संगणकाच्या प्रमाण अक्षरसंचातही नव्हतं.

गल्लीत शिगेवर मटण भाजताना वास येईल तो जिऱ्याचा. चिनी भाषेत जिऱ्याला 'झिरान' म्हणतात. शब्द आणि जिरे दोन्ही पश्चिमेकडून याच वाटेने आले. उलट दिशेने त्यांचा 'छा' आपल्याकडे येऊन चहा झाला. आणि साखर? थांग सम्राटाने ६४७ मध्ये मगधात माणसं पाठवून उसाच्या रसापासून साखर करायची रीत शिकून घेतली, अशी नोंद थांगच्या इतिहासात आहे. चहा त्यांचा, साखरेची रीत आपल्याकडची. सकाळचा कप उचलताना आठवण ठेवायला हरकत नाही.

शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. 'सू' हा शब्द लक्षात ठेवा, 'छ-सू' म्हणजे शाकाहार करतो. पण आपण मटण काढून रस्सा ठेवतो तसं तिथेही होतं, तेव्हा रस्साही नको हे स्पष्ट सांगावं. बौद्ध देवळांशी जोडलेल्या खानावळींत कांदा-लसूणही वर्ज्य असतो, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्यांचीसुद्धा सोय झाली. मुसलमान गल्लीत डुकराचं मांस मिळत नाही, इतरत्र मात्र विचारून घ्यावं. जायला वसंत किंवा शरद ऋतू उत्तम. पैसे बहुतेक ठिकाणी फोनवरून देतात, तेव्हा त्याची सोय निघण्याआधी करून ठेवा.

जे उरलं ते

इतकं सगळं ऐकून चांगआन म्हणजे सर्वांना कायम कवटाळणारं शहर होतं असं कोणाला वाटेल, तर तसं नाही. ८४५ मध्ये सम्राट वूत्सुंगने बौद्ध धर्मावर घाला घातला. हजारो विहार पाडले, दोन-अडीच लाख भिक्षू-भिक्षुणींना संसारात परत पाठवलं, आणि अलोपेनचा ख्रिस्ती धर्मही त्याच लाटेत सापडला. मग बंडं झाली. शेवटी ९०४ मध्ये एका बंडखोर सेनापतीने सम्राटाला लोयांगला हलवताना राजवाडे आणि घरं अक्षरशः उकलली, लाकूड वेई नदीत सोडून वाहून नेलं. चिरकाल शांतीचं शहर एका हंगामात ओंडके होऊन गेलं.

म्हणूनच आज शीआनमध्ये थांग काळातलं जे दिसतं ते बहुतेक विटांचं किंवा दगडाचं आहे, किंवा मग जमिनीखालचं. आणि कागदावरचं उरलं, कारण ते शहरात कोंडून राहिलं नाही. त्याच्या नकला झाल्या, त्या कोरियाला गेल्या, जपानला गेल्या, आणि एकोणिसाव्या शतकात फ्रेंच आणि इंग्रजीत येऊन शेवटी पुलकेशीच्या मुलखात परत पोचल्या. चिन शी ह्वांगने आपलं सगळं स्वतःपाशी पुरून ठेवलं, ते निम्मं अजून मातीत आहे. युआन श्वांगने आणलेलं सगळं वाटून टाकलं, ते अजून वाचलं जातंय.

१९६२ नंतर आपल्या मनात चीन म्हटलं की आधी सीमारेषा येते, आणि ते खोटं नाही. पण याच शान्शी प्रांतातल्या येनानला १९३९ मध्ये सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस पोचले होते, आणि त्यांची स्मृती चीनमध्ये अजून जपली जाते, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी लक्षात ठेवण्याइतकं मन मोठं ठेवावं. युआन श्वांगने आपल्याबद्दल लिहिताना तेच केलं.

आपल्या मुलांना घेऊन शीआनला गेलात तर मातीचे सैनिक त्यांना आवडतीलच, त्यात शंका नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांना रानहंसाच्या मनोऱ्याच्या सातव्या मजल्यावर न्या. पश्चिमेच्या खिडकीपाशी उभं करा आणि सांगा की इथून एक माणूस चालत निघाला, आपल्या गावापर्यंत आला, आपल्याला नीट पाहिलं, आणि जे चांगलं दिसलं ते आणि जे खटकलं ते, दोन्ही लिहून ठेवलं. मुलं विचारतील, "आणि त्या वेळी आपल्यापैकी कोणी त्यांच्याबद्दल लिहिलं का?" त्या प्रश्नाचं उत्तर देताना जरा अडखळायला होतं. तेराशे वर्षांपूर्वीचं राहू द्या, पण आपण आज ज्या देशात पाहुणे म्हणून आलो आणि घरचे झालो, त्या देशाबद्दल आपल्या भाषेत असं नीट, दोन्ही बाजूंनी लिहून ठेवायला आपल्याला कोणी अडवलेलं नाही. परवानगीही कोणाची लागत नाही.